सात जुने जगनकाशे, एक नळकांडे आणि निवृत्त भूकरमापकाचा शेरा

आधी शेरा, मग कारणे. पूर्ण संचाला पाचपैकी तीन तारे. त्यातली दोन चित्रे सुटी घेतलीत तर साडेचार. बाकीच्यांत दोन अशी आहेत की त्यांच्यावर पैसे घालवू नयेत, आणि एक तर फुकट मिळाले तरी भिंतीला लावू नये.

वस्तू अशी आहे. जुन्या जगनकाशांच्या सात छापील चित्रांचा संच ऑनलाइन मिळतो. विक्रेत्याचे नाव घेत नाही, कारण असे संच आता बरेच जण विकतात आणि चित्रे बघता सगळ्यांनी ती एकाच विहिरीतून उपसलेली दिसतात. प्रत्येक चित्र ए-टू मापाचे, म्हणजे साधारण ४२ बाय ५९ सेंटिमीटर. कागद २०० जीएसएमचा, बिनचकाकीचा. सोबत एक पातळ इंग्रजी माहितीपुस्तिका. किंमत ३,९५० रुपये घरपोच, सुटे चित्र ६५० रुपये. आमच्या गावच्या वाचनालयाच्या वाचनकक्षात उत्तरेकडची भिंत मोकळी होती, तिच्यासाठी मागवला. समितीने निवड माझ्यावर सोपवली. भूकरमापक म्हणून नोकरी केली, शंकू साखळीपासून ईटीएस या इलेक्ट्रॉनिक मोजणी मशीनपर्यंत सगळे हाताखालून गेले, आणि निवृत्तीनंतर जुन्या नकाशांचा नाद लागला, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

नोकरीतली एक सवय जात नाही. नकाशा हातात आला की मध्ये बघायचे नाही, आधी कोपरे बघायचे. दिशा कुठली, प्रमाण काय, मोजणी कधीची, ती केली कोणी, आणि ही नक्कल कोणी काढली. एवढे नसेल तर ते नुसते चित्र. हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच्या जगनकाशांना ही कसोटी लावणे म्हणजे अन्याय, असे समितीतले एक सर म्हणाले. मला तसे वाटत नाही. त्या जुन्या लोकांनी आपापल्या परीने यातले बरेच काही लिहून ठेवलेले आहे. ते पुसले गेले आहे ते आजच्या छापखान्यात.

सर्वांत जुने चित्र बाबिलोनच्या मातीच्या पाटीचे. मूळ पाटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमाराची. माप फक्त १२ बाय ८ सेंटिमीटर. तळहातावर मावेल. इथे तिचा फोटो चौपटीहून मोठा केला आहे आणि तो फार सुरेख छापला आहे. कीलाक्षरांच्या खाचांतल्या सावल्यासुद्धा दिसतात. दोन समकेंद्र वर्तुळे, त्यांच्या मध्यभागी कंपास टेकवल्याचे भोक, दोन वर्तुळांमधल्या पट्ट्यात सभोवारचा खारा समुद्र. आत एक आडवी चौकट म्हणजे बाबिलोन आणि तिच्यातून खाली उतरणारी युफ्रेटिस. नदीच्या वरच्या टोकाला डोंगर, खालच्या टोकाला दलदल. आसपास छोट्या गोलांत अ‍ॅसिरिया, उरार्तू, देर. समुद्रापलीकडे त्रिकोण काढले आहेत, ते लांबचे प्रदेश. एका त्रिकोणावर लिहिले आहे की तिथे सूर्य दिसत नाही, आणि मधले अंतर सहा बेरू. एक बेरू म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. माणूस कधी गेला नसेल अशा जागेचेही अंतर लिहितो, ही वृत्ती मला ओळखीची वाटली.

या त्रिकोणाचा तुकडा बरीच वर्षे पाटीपासून सुटलेला होता. १९९५ मध्ये म्युझियमच्याच फुटक्या तुकड्यांच्या साठ्यात तो सापडला आणि जागेवर बसवला गेला. जुन्या पुस्तकांतल्या फोटोत तिथे खाच दिसते. या संचात तुकडा बसवल्यानंतरचा फोटो आहे, म्हणजे निदान या चित्रापुरते कोणीतरी लक्ष घातले आहे. तक्रार एकच: मूळ माप चित्रावर नाही, पुस्तिकेतही नाही. वाचनालयात येणारा माणूस दोन फुटांचे चित्र बघून ही शिळाच समजणार. मी खाली पेन्सिलने माप लिहून ठेवले आहे.

दुसरे चित्र अलेक्झांड्रियाचा प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमी याचे, आणि इथून मथळ्यांचा गोंधळ सुरू होतो. खाली छापले आहे, "टॉलेमी, इ.स. १५०". चित्र मात्र जर्मनीतल्या उल्म शहरी १४८२ मध्ये छापलेल्या लाकडी ठशाच्या नकाशाचे आहे. वरच्या कडेला ठसा कोरणाऱ्याची सहीसुद्धा आहे, आर्म्सहाइमच्या योहान्सची. ती दिसत असताना खाली १५० साल छापायला धाडस लागते. टॉलेमीच्या हातचा एकही नकाशा उरलेला नाही. उरला तो त्याचा ग्रंथ: आठ भाग, आणि त्यांत सुमारे आठ हजार ठिकाणांचे अक्षांश-रेखांश कोष्टकासारखे मांडलेले. त्याने एकाअर्थी मोजणीचे पुस्तक मागे ठेवले आणि नकाशा पुढच्यांनी काढावा म्हणून कृतीही सांगितली. गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी उतरवायची, याच्या त्याच्या पद्धती आहेत. १३०० च्या सुमारास बायझंटाइन विद्वानांनी तो ग्रंथ पुन्हा हुडकला, पंधराव्या शतकाच्या आरंभी त्याचे लॅटिन भाषांतर झाले, आणि मग त्यावरून नकाशे निघू लागले. उल्मच्या प्रतीत तर टॉलेमीला नीटसा ठाऊक नसलेला स्कँडिनेव्हियासुद्धा वरती जोडलेला आहे. मूळ मोजणी १५० ची आणि नक्कल १४८२ ची असेल तर दोन्ही तारखा लिहायच्या असतात. नव्याने भरती झालेला मोजणीदारही हे जाणतो.

हा नकाशा माझा विशेष आवडता असल्यामुळे इथे जरा थांबतो. टॉलेमीची चूक कुठे झाली हे बघण्यासारखे आहे. उत्तर-दक्षिण अंतरे त्याला बऱ्यापैकी साधली, कारण अक्षांश सूर्यावरून किंवा वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या लांबीवरून काढता येतो. पूर्व-पश्चिम अंतरे मात्र प्रवाशांच्या जबान्यांवरून घ्यावी लागली: इतके दिवस चाललो, इतके दिवस शीड लावून गेलो. त्यात पृथ्वी त्याने लहान धरली. त्याच्या आधीच्या एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने एका अंशाला ७०० स्टेडिया (ग्रीकांचे अंतराचे माप) धरले होते, टॉलेमीने ५०० घेतले. साखळीच आखूड असेल तर शेत मोठे भरते. तसेच झाले. कॅनरी बेटांपासून चीनपर्यंत त्याने १८० अंश भरवले, प्रत्यक्षात अंतर त्याहून पुष्कळ कमी आहे. पुढे कोलंबसाला पश्चिमेकडून आशिया जवळ वाटला, त्यात या चुकीचाही हात होता.

भारताचे काय झाले आहे ते आपल्याकडच्या माणसाला लगेच खटकते. द्वीपकल्पच नाही. नर्मदेपासून कन्याकुमारीपर्यंतचा उभा किनारा आडवा पडला आहे आणि खाली श्रीलंका अवाढव्य होऊन बसली आहे. वाचनालयात पहिल्याच दिवशी एका पोराने विचारले, "काका, आपला भारत कुणी चेपला?" पुस्तिकेत यावर अवाक्षर नाही. गंमत म्हणजे याच टॉलेमीच्या कोष्टकात पैठण आहे, नाशिक आहे, तेर आहे, सोपारा आहे. पैठणला सातवाहन राजा पुळुमावीची राजधानी म्हटले आहे. आणि चौल आहे, सिमुल्ला या नावाने. पहिल्या भागात तो आपल्या आधीच्या मारिनस या भूगोलकाराची चूक काढतो. मारिनसने चौल नुसते कन्याकुमारीच्याच नव्हे, तर सिंधू नदीच्याही पश्चिमेला टाकले होते. टॉलेमी म्हणतो, तिकडे जाऊन राहिलेल्या आणि तिकडून आलेल्या लोकांनी मला सांगितले आहे की चौल सिंधूच्या मुखाच्या दक्षिणेला आहे, आणि तिथले लोक त्याला तिमूला म्हणतात. अलेक्झांड्रियात बसून चौलच्या व्यापाऱ्यांचे जबाब नोंदवणारा हा माणूस. मग किनारा आडवा का झाला, हे कोडे आहेच. त्याच्या आधीच्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-पुस्तकात भडोचच्या पुढे किनारा सरळ दक्षिणेकडे उतरतो असे स्वच्छ लिहिलेले आहे.

ही सगळी गावे या जगनकाशावर शोधाल तर फसाल. ती त्याच ग्रंथाच्या आशियाच्या दहाव्या नकाशात असतात, गंगेच्या अलीकडच्या भारताच्या. भारतात विकायच्या संचात तो दहावा नकाशा घातला असता तर माझ्याकडून पाच तारे गेले असते. छपाईबद्दल सांगायचे तर उल्मच्या रंगवलेल्या प्रतींचा समुद्र गडद निळा असतो, इथे तो धुवट राखाडी झाला आहे. कडेने फुंकर घालणारी बारा वाऱ्यांची तोंडे तेवढी छान आली आहेत.

आता संचातले सर्वोत्तम. रोमन रस्त्यांचा नकाशा, जो पॉइटिंगर या जर्मन गृहस्थाच्या नावाने ओळखला जातो आणि व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. मूळ रोमन नकाशा गेला, ही बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास काढलेली नक्कल. चामड्याची लांब गुंडाळी, उंची ३४ सेंटिमीटर आणि लांबी पावणेसात मीटर. स्पेन-ब्रिटनकडचा पहिला भाग हरवला आहे, अकरा पाने उरली आहेत. बहुतेक विक्रेते ही अख्खी पट्टी एका कागदावर कोंबतात, मग ती तीन सेंटिमीटर उंचीची होते आणि काहीच दिसत नाही. या विक्रेत्याने शहाणपणा केला. पूर्वेकडचे शेवटचे एकच पान घेतले आणि जवळजवळ मूळ आकारात छापले. अक्षर न् अक्षर वाचता येते.

या नकाशाला प्रमाण नाही, दिशाही अशी नाही. जमीन रबरासारखी ओढून पट्टीत बसवली आहे. पण प्रत्येक दोन मुक्कामांच्या मध्ये अंतर आकड्यात लिहिले आहे. एसटीच्या जुन्या तक्त्यावर थांबे आणि किलोमीटर असत, घाटाची वळणे नसत. हा त्यातला प्रकार. ज्याला गाडीतून उतरायचे आहे त्याला वळण कशाला हवे? रस्त्याच्या रेघेला जिथे जिथे खटका मारला आहे तिथे मुक्काम. नकाशा चुकीचा आहे असे म्हणणाऱ्याने आधी तो कशासाठी काढला आहे ते विचारावे.

आणि शेवटचे पान म्हणजे आपलाच भाग. उजवीकडे खाली मुझिरिस, म्हणजे केरळच्या किनाऱ्यावरचे मिऱ्याचे बंदर. शेजारी गोल तळे आणि एका देवळाचे चित्र, खाली लिहिले आहे ऑगस्टसचे मंदिर. रोमच्या सम्राटाचे देऊळ मलबारात! देवळाचा दगड अजून कोणाला सापडलेला नाही, पण केरळातच पट्टणम इथे उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरे भरपूर निघाली आहेत, तेव्हा तिथे रोमकडचा व्यापार चाले यात शंका नाही. वरती एका ठिकाणी लिहिले आहे की इथे हत्ती जन्मतात, दुसरीकडे विंचू. आणखी एक ओळ आहे: इथे अलेक्झांडरला उत्तर मिळाले, "कुठवर, अलेक्झांडर?" सातही चित्रांत मी सर्वांत जास्त वेळ या पानासमोर उभा असतो. ६५० रुपयांत हे एक घेतले तरी चालेल.

आता सर्वांत वाईट. इद्रीसीचा नकाशा.

अल्-इद्रीसी हा बाराव्या शतकातला अरब भूगोलकार, मूळचा उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सेउताचा. सिसिलीचा नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने त्याला पालेर्मोच्या दरबारी ठेवले आणि दोघांनी मिळून जगाची मोजणी मांडली. पद्धत ऐका. प्रवासी आला की त्याला बोलवायचे, एकट्याला विचारायचे, दुसऱ्याला वेगळे विचारायचे, आणि सगळ्यांचे जिथे जमेल तेवढेच धरायचे. हे काम १५ वर्षे चालले. हद्दीच्या भांडणात लगतच्या खातेदारांचे जबाब आम्ही घेत होतो, त्याहून ही पद्धत कडक आहे. निष्पन्न झालेले सगळे चांदीच्या चारशे रतल वजनाच्या तबकडीवर कोरले. सोबत ग्रंथ लिहिला, तो ११५४ च्या जानेवारीत पुरा झाला. पुढच्या महिन्यात राजा वारला. काही वर्षांत दंगलीत तबकडी लुटली गेली. ग्रंथ टिकला. त्यात वस्तीच्या जगाचे सात पट्टे केले आहेत, प्रत्येक पट्ट्याचे दहा तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा नकाशा. एकूण ७०. गट नकाशाची शिटे जोडून गाव नकाशा होतो, तशी ही रचना. आपल्या किनाऱ्यावरची सोपारा आणि सैमूर म्हणजे चौल ही बंदरे ग्रंथात आहेत. दक्षिण वरती, उत्तर खाली, कारण त्या काळच्या अरबी नकाशांत तीच रीत होती.

संचात काय आले? मथळा, "अल्-इद्रीसी, ११५४". चित्र आहे विसाव्या शतकातल्या कॉनराड मिलर या जर्मन अभ्यासकाने ७० तुकडे जोडून, अरबी नावे लॅटिन अक्षरांत घालून काढलेल्या नकाशाचे. मिलरचे काम मोठे आहे, त्याला नमस्कार. पण त्याचे नाव कुठेही नाही. आणि याहून कडी अशी की छापणाऱ्याने ते चित्र उलटे फिरवले आहे, उत्तर वर यावी म्हणून. मिलरने दक्षिण वरच ठेवली होती. परिणामी सगळी नावे डोक्यावर उभी आहेत. चौल वाचायला मला स्टुलावर चढून मान वाकडी करावी लागली असती.

मी विक्रेत्याला लिहिले. उत्तर लगेच आले आणि सभ्य होते, ते मान्य केले पाहिजे. "उत्तर वर असली की ग्राहकांना नकाशा ओळखू येतो, सर." मी विचारले, मग नावे? तर म्हणे ते डेकोरेटिव्ह प्रॉडक्ट आहे, नावे कोणी वाचत नाही. पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट पाठवली. सूट वापरलेली नाही. चित्र उलटे टांगावे, म्हणजे ते सुलटे होईल, असा एक उपाय होता. पण तसे केले की खालचा छापील मथळा डोक्यावर येतो. शेवटी ते नळकांड्यात परत गेले. इद्रीसी बघायचाच असेल तर ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातल्या १५५३ च्या हस्तलिखित प्रतीतला छोटा गोल जगनकाशा बघावा. त्याची चित्रे मोकळी उपलब्ध आहेत, आणि मापही असे की ए-टू कागदावर शोभून दिसते.

हेरेफर्डचा नकाशा. इंग्लंडमधल्या हेरेफर्डच्या कॅथेड्रलमध्ये १३०० च्या सुमाराचा हा नकाशा अजून आहे. एका अख्ख्या वासराच्या कातड्यावर काढलेला, उंची १ मीटर ५९ सेंटिमीटर. कॅथेड्रल अडचणीत आले तेव्हा १९८८ मध्ये तो विकायची गोष्ट निघाली होती, केवढा गहजब झाला, मग देणग्या जमल्या आणि तो जागेवर राहिला. या संचात तो ए-टूवर आणला आहे, म्हणजे लांबी अडीचपटीहून जास्त आखडली. त्यावर पाचशेच्या आसपास चित्रे आणि त्यांच्या ओळी आहेत. ओळींचे इथे केस झाले आहेत. भिंग घेऊनही अर्धे लागत नाही. म्हणून हे चित्र पैसे घालवू नयेत अशा यादीत. छपाई वाईट नाही. मापच चुकले आहे.

तरी भिंगाने जे लागले ते सांगतो. पूर्व वरती, कारण स्वर्गाची बाग तिकडे. मधोमध जेरुसलेम. तांबडा समुद्र खरोखर तांबडा रंगवला आहे. क्रीट बेटात चक्रव्यूह. भारतात पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती आणि एका पायाचा माणूस, जो आडवा पडून त्याच पायाची सावली घेतो. आशिया मायनरमध्ये बोनाकॉन नावाचा प्राणी आहे, पाठलाग झाला की मागे शेण फेकतो, आणि त्या शेणाचा पल्ला तीन एकर, लागेल ते जळते. तीन एकर म्हणजे १२० गुंठे. क्षेत्र दिले आहे, हद्दी दिलेल्या नाहीत. आणि सोन्याच्या मोठ्या अक्षरांत युरोपवर आफ्रिका लिहिले आहे, आफ्रिकेवर युरोप. सातशे वर्षे ती अदलाबदल तशीच आहे. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या ती नजरेलाच पडलेली नाही, नाहीतर एवढी मजेची गोष्ट कोण सोडतो?

एक गोष्ट मात्र कागदावर आणता येत नाही, त्यात विक्रेत्याचा दोष नाही. मूळ नकाशावर हेरेफर्ड गावाचे चित्र जवळजवळ पुसून गेले आहे, शतकानुशतके लोकांनी त्यावर बोट ठेवल्यामुळे. चावडीत गट नकाशा पसरला की प्रत्येक खातेदाराचे बोट आधी स्वतःच्या गटावर जायचे, आणि जुन्या नकाशांवर तीच जागा काळवंडलेली असायची.

उरलेली दोन झटक्यात. कोरियाचा १४०२ चा नकाशा कल्पना म्हणून झकास आहे: चिनी नकाशे एकत्र करून त्यांना कोरिया आणि जपान जोडले, कोरिया चांगला ऐसपैस काढला, आणि डावीकडे आफ्रिकेचे टोक दक्षिणेकडे वळलेले दाखवले. पोर्तुगीज तिथून वळसा घालायच्या पाऊणशेहून अधिक वर्षे आधी! भारत मात्र चीनच्या कुशीत विरघळून गेला आहे. मूळ १४०२ ची प्रत नाही, क्योतोच्या र्‍युकोकू विद्यापीठात नंतरची आहे, आणि मथळ्यात पुन्हा तेच साल. छपाई काळपट. तरी भिंतीवर ठेवला, कारण युरोपाबाहेर कोणी जगाचा नकाशा काढतच नव्हते, असे समजणारे आमच्याकडे बरेच आहेत.

जर्मन नकाशाकार वाल्डझेमुलरचा १५०७ चा नकाशा, ज्यावर अमेरिका हे नाव पहिल्यांदा आले. मूळ बारा ठशांची बारा पाने, जोडली की जवळजवळ अडीच मीटर रुंद. एकच प्रत उरली, १९०१ मध्ये जर्मनीतल्या एका वाड्यात सापडली, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती एक कोटी डॉलरला घेतली. ए-टूवर बारा पाने म्हणजे मुंग्यांची रांग. आणि यासाठी ६५० रुपये द्यायचे काही कारण नाही, कारण त्या लायब्ररीच्या संकेतस्थळावर मोठ्या मापाचे चित्र फुकट उतरवून घेता येते. आम्ही तेच केले. तालुक्याला बिल्डरांचे प्लॅन काढून देणारा एक प्लॉटरवाला आहे, त्याने चार पट्ट्यांत काढून दिले आणि वाचनालयासाठी म्हणून निम्मेच पैसे घेतले. आता दक्षिण अमेरिकेवरचे नाव खुर्चीत बसून वाचता येते.

निवडीबद्दल दोन शब्द. फ्रा माउरो का नाही? व्हेनिसजवळच्या मठातल्या या साधूने १४५० च्या दशकात सुमारे अडीच मीटर रुंदीचा नकाशा केला, दक्षिण वरती ठेवली, हिंदी महासागर बंदिस्त तळे नसून मोकळा आहे असे दाखवले, आणि जेरुसलेम मध्यभागी का नाही याचा खुलासा नकाशावरच लिहिला. टॉलेमीच्या मोजणीला आव्हान कसे द्यावे याचा तो वस्तुपाठ आहे. तो वगळून भरताड घातली आहे. आणि आपल्याकडचे काहीच नाही. गुजरात-राजस्थानात कापडावर रंगवलेले जैनांचे अडीच द्वीपांचे पट आहेत, मधे मेरू, भोवती कड्यांसारखी द्वीपे आणि समुद्र. ते मोजणीचे नकाशे नव्हेत. हेरेफर्ड तरी कुठे आहे? हेरेफर्डला जागा असेल तर त्यांनाही हवी.

सामानाबद्दल. नळकांडे भक्कम, टोपणे घट्ट, पावसात आले तरी आत ओल नाही. कागद गुंडाळीची सवय लवकर सोडत नाही. सतरंजीखाली दोन रात्री दाबून ठेवावा लागतो. काचेच्या फ्रेमऐवजी बिनचकाकीची अ‍ॅक्रिलिक लावा, खिडकीसमोरच्या भिंतीवर काच आरसा होते. लॅमिनेशन करू नका. क्यूआर कोड पुस्तिकेच्या शेवटी आहे, तो विक्रेत्याच्या दुकानाच्या पानावर नेतो, माहितीकडे नाही.

घेणाऱ्याने असे करावे: बाबिलोन आणि रोमन रस्ते ही दोन सुटी मागवावीत, १,३०० रुपये. टॉलेमी आवडत असेल तर तिसरा, पण तारीख स्वतः दुरुस्त करून. हेरेफर्ड निदान तीन फूट उंचीचा कोणी छापत असेल तर त्याच्याकडून. वाल्डझेमुलर प्लॉटरवाल्याकडून. इद्रीसी मागवताना चॅटवर आधी एवढेच विचारा: दक्षिण वर आहे का? "हो" असे लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे पाठवू नका.